ठराव मांडतं कोण, मंजूर करतं कोण?

काका, मागच्या शनिवारी पतपेढीच्या कार्यालयात चहा घेताना तुम्ही जे विचारलंत, त्याला मी दिलेलं उत्तर अर्धवट होतं. तुम्ही म्हणालात, "या बिटकॉइनला मालक नाही, संचालक मंडळ नाही, वर निबंधकही नाही. मग नियम बदलायचा झाला तर ठराव मांडतं कोण आणि मंजूर करतं कोण? दोन कोटी दहा लाख नाण्यांची मर्यादा उद्या कुणी तीन कोटी करून टाकली तर?" मी "तसं होत नाही" एवढंच बोललो आणि गाडी पकडायला चर्नी रोडला पळालो. सहकारात आयुष्य काढलेल्या माणसाची एवढ्यावर बोळवण करणं बरोबर नव्हतं. म्हणून आता सविस्तर लिहितो.

माझं काम तुम्हाला साधारण माहीत आहे. अंधेरीत बसून मी एका एक्स्चेंजची, म्हणजे नाणी विकत घेण्या-विकण्याच्या बाजाराची, मागची बाजू सांभाळतो: नोड (बिटकॉइनचं सॉफ्टवेअर चालवणारे संगणक), वॉलेट (नाणी ठेवायची पाकिटं), नाणी आत घेणं, बाहेर पाठवणं. २०१४ पासून हेच करतोय. पुढे जे लिहितो त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

ठराव मांडण्याचं सोपं आहे. तो कुणीही मांडू शकतो. सभासदत्वाची अट नाही, भाग घेतलेला असावा अशीही नाही. प्रस्ताव लिहिण्याचा एक नमुना ठरलेला आहे, त्याला 'बिप' म्हणतात, म्हणजे बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव. अमीर ताकी नावाच्या प्रोग्रामरने २०११ मध्ये पहिला बिप लिहिला आणि ती पद्धत पडली. मजकूर नमुन्यात बसतो का हे संपादक बघतात आणि त्याला क्रमांक देतात. क्रमांक मिळणं म्हणजे तुमच्या आवक नोंदवहीत शिक्का बसणं, त्यापलीकडे त्याला किंमत नाही. क्रमांक घेऊन वर्षानुवर्षं पडून राहिलेले कितीतरी बिप आहेत.

मग येतात प्रस्ताव कोडमध्ये उतरवणारे. बहुतेक लोक जे सॉफ्टवेअर चालवतात त्याचं नाव बिटकॉइन कोअर. त्यात शेकडो लोकांनी भर घातली आहे, पण बदल अंतिम कोडमध्ये घेण्याच्या किल्ल्या चार-सहा जणांकडेच असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हेच संचालक मंडळ. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. ते मत बदललं मे २०१६ मध्ये. सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या निर्मात्यानं जाताना कारभार सोपवला होता गॅव्हिन अँड्रेसन यांच्याकडे. क्रेग राइट या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी 'मीच सातोशी' असा दावा केला, तेव्हा अँड्रेसन यांनी त्याला जाहीर दुजोरा दिला. (तो दावा लंडनच्या न्यायालयाने पुढे २०२४ मध्ये खोटा ठरवला.) अँड्रेसन यांचं खातंच कुणी ताब्यात घेतलं की काय, या शंकेने बाकीच्यांनी त्यांची किल्ली काढून घेतली आणि ती परत दिली नाही. ज्याला संस्थापकाने गादीवर बसवलं त्याचा अधिकार एका दिवसात गेला. त्या दिवशी मी आमच्या नोडच्या नोंदी बघत बसलो होतो. सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या वहीचं एक पान, येत होता, आदल्या दिवशीसारखाच.

असं होण्याचं कारण म्हणजे हे सॉफ्टवेअर आपणहून कधीच बदलत नाही. तुमच्या फोनवरचं बँकेचं अ‍ॅप रात्रीत नवं होतं, सकाळी तुम्हाला फक्त रंग बदललेला दिसतो. इथे नवी आवृत्ती उतरवून घ्यायची, तपासायची आणि स्वतःच्या हाताने बसवायची. ती आपोआप बसण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. किल्ल्या असणारे चार-सहा जण कोड प्रसिद्ध करू शकतात, तो तुमच्या यंत्रात घालू शकत नाहीत.

आता नोड. तुमच्या भाषेत सांगायचं तर नोड हा लेखापरीक्षक आहे, पण नेमलेला नव्हे. ज्याला वाटेल तो आपल्या घरी बसवू शकतो. हा लेखापरीक्षक ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या पानापासून आजपर्यंतची प्रत्येक नोंद स्वतः तपासतो. त्याच्याजवळच्या पोटनियमांत न बसणारं पान आलं की तो ते घेतच नाही. निवडणूक नाही, मतमोजणी नाही. त्याने नाकारलेलं पान त्याच्यापुरतं लिहिलंच गेलेलं नसतं.

इथे एक बारकावा आहे, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. समजा तुमच्या पोटनियमात विनातारण कर्जाची कमाल मर्यादा पन्नास हजार आहे. संचालकांनी उद्यापासून चाळीस हजारांच्या वर कर्ज द्यायचं नाही असं ठरवलं, तर जुनं पुस्तक घेऊन बसलेल्या लेखापरीक्षकाला एकही नोंद खटकणार नाही. चाळीस हे पन्नासच्या आतच आहे. याला सॉफ्ट फोर्क म्हणतात, म्हणजे नियम आवळणं. पण साठ हजारांचं कर्ज दिलं की जुनं पुस्तक घेतलेला माणूस तिथेच थांबवतो. हा हार्ड फोर्क, नियम सैल करणं. आवळण्यासाठी सगळ्यांनी नवं पुस्तक घेण्याची गरज नसते. सैल करायचं असेल तर एकूण एकाने घ्यावं लागतं, आणि जो घेणार नाही तो जुन्या वहीवर राहतो. तुमची तीन कोटींची शंका या दुसऱ्या प्रकारात मोडते.

मायनर कुठे बसतात? ते पानं लिहिणारे कारकून. यंत्रं लावून, प्रचंड वीज जाळून ते पान तयार करतात आणि पानामागे त्यांना बक्षीस मिळतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ नाणी आहे, शिवाय व्यवहारांवरचं शुल्क. एखाद्याने स्वतःच्या नावावर ३.१२५ ऐवजी दहा नाणी लिहिली तर त्याचं पान कुणाचाच नोड घेत नाही आणि जाळलेली वीज अंगावर पडते. कुठला व्यवहार आधी लिहायचा, कुठला मागे ठेवायचा, हे कारकून ठरवतो आणि तो अधिकार लहान नाही. पण पोटनियम त्याच्या हातात नाहीत.

सुरुवातीची वर्षं मात्र अशी नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. १५ ऑगस्ट २०१० ला कोडमधल्या बेरजेच्या चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी एकाच व्यवहारात १८,४४६ कोटी नाणी तयार केली. सातोशी तेव्हा हजर होते. काही तासांत त्यांनी दुरुस्त सॉफ्टवेअर दिलं, चालवणाऱ्यांनी ते बसवलं आणि ती वाईट साखळी, म्हणजे त्या ब्लॉकला पुढे जोडलेली पानं, मागे पडली. तेव्हा खरोखर एका माणसाने ठरवलं आणि बाकीच्यांनी ऐकलं. मार्च २०१३ मध्ये पुन्हा एकदा साखळी फुटली, तीही कुणी न ठरवता. ०.८ या नव्या आवृत्तीने स्वीकारलेला एक ब्लॉक जुन्या आवृत्त्यांना पेलेना. दोन वह्या शेजारी शेजारी लिहिल्या जाऊ लागल्या. प्रोग्रामर आणि मोठे मायनर रातोरात बोलले आणि जुन्या आवृत्तीकडे परत जायचं ठरलं. 'बीटीसी गिल्ड' हा तेव्हाचा मोठा पूल (एकत्र काम करणाऱ्या मायनरांचा गट) स्वतःचं बक्षीस सोडून मागे फिरला, नव्या बाजूचे २४ ब्लॉक रद्द झाले. मूठभर लोकांनी काही तासांत घेतलेला हा निर्णय होता. आग लागली की सर्वसाधारण सभा बोलावत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण खरी परीक्षा झाली २०१७ मध्ये, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच वर्षी कळलं.

भांडण ब्लॉकच्या आकाराचं होतं. सातोशींनी २०१० मध्ये एका ब्लॉकला दहा लाख बाइटची मर्यादा घातली होती. त्यात सेकंदाला फार तर सात व्यवहार मावतात. गर्दी वाढली, शुल्क वाढलं. एक बाजू म्हणाली, डबा मोठा करा. दुसरी म्हणाली, डबा मोठा केला तर घरच्या लहान संगणकावर नोड चालणार नाही आणि मग तपासणारे फक्त मोठे उद्योग उरतील. दुसऱ्या बाजूचा पर्याय होता सेगविट, म्हणजे सह्यांची मांडणी बदलून त्याच डब्यात जास्त जागा काढणं. तो सॉफ्ट फोर्क होता, ऑक्टोबर २०१६ मध्ये तयार होऊन पडला होता. पण तो लागू होण्यासाठी ९५ टक्के ब्लॉकांवर मायनरांची तयारी दिसायला हवी होती, आणि मायनर ती दाखवत नव्हते.

२३ मे २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये बैठक झाली. २२ देशांतल्या ५८ कंपन्यांनी सह्या केल्या, त्यांच्या पाठीशी ८३ टक्क्यांहून जास्त मायनिंगची ताकद होती. करार असा: आधी सेगविट, मग काही महिन्यांत डबा दुप्पट. तुमच्या संस्थेत ८३ टक्के भागभांडवल एका बाजूला गेलं असतं तर सभा तिथेच आटोपली असती. आमच्या कार्यालयातही सगळे म्हणाले, झालं, ठरलं. मीही म्हणालो.

पण त्या आधीच 'शाओलिनफ्राय' या टोपणनावाने कुणीतरी १४८ क्रमांकाचा बिप मांडला होता. त्यातलं म्हणणं साधं होतं. १ ऑगस्ट २०१७ पासून आमचे नोड सेगविटची तयारी न दाखवणारा एकही ब्लॉक घेणार नाहीत. मायनरांची परवानगी मागितलेली नव्हती. असे नोड चालवणारे थोडेच होते, पण ते हटणार नाहीत असं दिसत होतं. महिनोन्‌महिने अडलेली तयारी मग जुलैच्या काही आठवड्यांत दिसली आणि २४ ऑगस्टला सेगविट लागू झालं. हे कराराच्या दबावाने झालं की नोडवाल्यांच्या, यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात. माझ्या मते दोन्ही दाब होते, पण घड्याळ नोडवाल्यांनी लावलं.

डबा मोठाच हवा म्हणणारे १ ऑगस्टला वेगळे झाले. आपल्या वेळेप्रमाणे रात्री पावणेबाराच्या सुमारास त्यांचा पहिला ब्लॉक आला आणि बिटकॉइन कॅश हे वेगळं नाणं जन्माला आलं. ४७८५५८ व्या ब्लॉकपर्यंतची वही दोघांची एकच, पुढे दोन.

आणि मग नोव्हेंबर. करारातला दुसरा भाग, डबा दुप्पट करण्याचा, मध्यावर व्हायचा होता. कंपन्या तयार होत्या, यंत्रं तयार होती. पण नोड चालवणारे नवं पुस्तक घ्यायला तयार नव्हते. काही बाजारांत त्या न जन्मलेल्या नाण्याचे वायदे आधीच सुरू झाले होते आणि त्याचा भाव मूळ नाण्याच्या आसपासही फिरकत नव्हता. ८ नोव्हेंबर २०१७ ला सहा प्रमुखांच्या नावाने पत्र आलं: पुरेशी एकवाक्यता झालेली नाही, आम्ही थांबतो आहोत.

काका, ती तारीख वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. बरोबर एक वर्ष आधी, ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता, पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्याचं आपण दूरदर्शनवर ऐकलं होतं. चलनातल्या ८६ टक्के किमतीच्या नोटा, आणि हातात चार तास. तुमच्या पतपेढीच्या दारातली रांग मी पाहिलेली आहे. त्या निर्णयाच्या गुणदोषांत इथे शिरत नाही. मला दिसलं ते एवढंच: एका पैशाच्या बाबतीत आपल्याला कुणी विचारलं नाही, विचारण्याची तरतूदही नव्हती. दुसऱ्या पैशाच्या बाबतीत ५८ कंपन्यांनी ठरवलेलं, त्यांना न जुमानणाऱ्या लोकांमुळे मागे घ्यावं लागलं. ८३ टक्के ताकद होती, पण ती पानं लिहिण्याची होती. पान घेणारा दुसराच कुणीतरी होता.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर असं आहे. ठराव मंजूर करण्याचा अधिकार बिटकॉइनमध्ये कुणालाच नाही. नाकारण्याचा अधिकार आहे, आणि तो नोड चालवणाऱ्या प्रत्येकाला स्वतःपुरता आहे. पुरेशा लोकांनी नाकारलं नाही, म्हणजे बदल झाला. नोव्हेंबर २०२१ मधला टॅपरूट हा बदल (व्यवहारांवरच्या सह्यांची नवी पद्धत) असाच शांतपणे झाला, ब्लॉक ७०९६३२ पासून, कारण त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं तुम्हाला आठवत असेल. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली राज्य सरकारने पुनर्विकासाचे निर्देश काढले त्याची तारीख ३ जानेवारी २००९, आणि बिटकॉइनचा पहिला ब्लॉकही ३ जानेवारी २००९ चाच. २०१९ च्या सुधारित निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांची संमती असली की गाडी पुढे जाते. आमच्याकडे चार कुटुंबं नको म्हणत होती. शेवटी त्यांना घर रिकामं करावं लागलं, दुसरा मार्गच नव्हता, कारण इमारत एकच. बिटकॉइनमध्ये ती चार कुटुंबं जुन्या इमारतीत राहू शकली असती. बाकीच्यांनी शेजारी नवी बांधली असती आणि विशेष म्हणजे प्रत्येकाला दोन्हीकडे खोली मिळाली असती. १ ऑगस्टला ज्याच्याकडे एक बिटकॉइन होतं त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी एक बिटकॉइन आणि एक बिटकॉइन कॅश होतं. कुठल्या इमारतीत लोक राहायला येतात आणि कुठली ओस पडते, ते पुढे भाव सांगतो.

आता जे मला गेली आठ वर्षं टोचतंय ते सांगतो.

१ ऑगस्ट २०१७ च्या त्या रात्री आमच्या कार्यालयातल्या बैठकीच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. नाणी आत-बाहेर करणं दुपारीच बंद केलं होतं. प्रश्न असा होता: आमच्या पडद्यावर 'बिटकॉइन' हे नाव कुठल्या साखळीला लावायचं? आणि ग्राहकांच्या वाट्याचं नवं नाणं त्यांना द्यायचं का? आमच्याकडे हजारो लोकांची नाणी होती. डोंबिवलीचे शिक्षक, नाशिकचे द्राक्ष बागायतदार, आयटीतली मुलं. त्यातल्या एकालाही आम्ही विचारलं नाही. अर्ध्या तासात ठरवलं आणि मी एका फाइलमध्ये एक ओळ बदलली. नव्या नाण्याचं वाटप आम्ही कितीतरी आठवडे लांबवलं, आणि तोवर त्याचा भाव वर-खाली होत राहिला. नुकसान झालेल्या माणसांचे मेल मी वाचले आहेत. कायद्याने आम्ही चुकलो नसू, पण ते त्यांचं होतं आणि निर्णय आम्ही घेतला.

बिटकॉइनमध्ये सत्ता कुणाकडे आहे या प्रश्नाचं मुंबईतल्या बहुतेक लोकांसाठीचं खरं उत्तर या खोलीत आहे. ज्याची नाणी एक्स्चेंजवर पडून आहेत त्याला नाकारण्याचा अधिकार नाही. त्याच्या नावाचा लेखापरीक्षक माझ्या सर्व्हरवर बसतो आणि माझं ऐकतो. शिवाय सगळे नोड सारख्या वजनाचे नसतात. तुमच्यासारखं 'एक सभासद, एक मत' इथे करताच येत नाही, कारण एकच माणूस भाड्याच्या सर्व्हरवर हजार नोड उभे करू शकतो. वजन येतं ते नाण्याच्या बदल्यात काहीतरी देणाऱ्याला. माल देणारा, रुपये देणारा, डॉलर देणारा. त्याच्या नोडने नाकारलं तर नाणं तिथे चालत नाही. म्हणजे एक्स्चेंजच्या एका नोडचं वजन घरच्या शंभर रिकाम्या नोडांपेक्षा जास्त असतं. हे मला आवडत नाही, पण आहे असं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत बिटकॉइनचे ईटीएफ (शेअर बाजारात विकले जाणारे फंड) मंजूर झाले. साखळी फुटली तर खरं बिटकॉइन कुठलं मानायचं, हे त्यांत गुंतवणूकदार ठरवत नाही, फंड चालवणारे ठरवतात. आमच्या खोलीचंच मोठं रूप.

प्रोग्रामरांच्या हातात काहीच नाही, असाही समज करून घेऊ नका. १८ सप्टेंबर २०१८ ला, ऐन गणपतीत, तातडीने नवी आवृत्ती बसवा असा निरोप आला. कारण असं दिलं होतं की कुणी वाकडा ब्लॉक पाठवून नोड बंद पाडू शकतो. मी आरती सोडून कामाला लागलो. दोन दिवसांनी पूर्ण गोष्ट बाहेर आली: त्याच चुकीतून हवेतून नवी नाणी तयार करता आली असती. हे आधी सांगितलं असतं तर कुणीतरी ते केलं असतं, म्हणून त्यांनी दोन दिवस गप्प राहणं पसंत केलं. माझ्या मते ते योग्यच होतं. पण त्या दोन दिवसांत मी तपासून नव्हे, विश्वासाने बटण दाबलं. आणि ती चूक शोधून गुपचूप कळवणारा प्रोग्रामर होता बिटकॉइन कॅशच्या गटातला, ज्यांच्याशी वर्षभर आधी एवढं भांडण झालं होतं त्यांच्यातला. तो हे विकू शकला असता. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

इथेरियमचं, म्हणजे इथर हे नाणं चालवणाऱ्या दुसऱ्या साखळीचं, तुम्ही ओझरतं विचारलं होतं. तिथली रीत वेगळी आहे. जून २०१६ मध्ये 'द डाओ' नावाच्या सामुदायिक निधीतून ३६ लाख इथर चोरीला गेले. २० जुलैला हार्ड फोर्क करून ते परत फिरवण्यात आले. 'लिहिलेलं पान फिरवायचं नाही' म्हणणारे इथेरियम क्लासिक या जुन्या साखळीवर राहिले, ती अजून चालू आहे. इथेरियमचे संस्थापक हयात आहेत, बोलतात, त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि नियमित बदल करत राहणं तिथे सगळ्यांनी स्वीकारलेलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तर त्यांनी मायनरच काढून टाकले. मला विचाराल तर संस्थापकाने निघून जाणं ही बिटकॉइनला मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे.

तीन कोटींच्या मर्यादेकडे परत येतो. कोडमध्ये तो बदल किरकोळ आहे, तुमचा नातू एका दुपारी करेल. पण ते सॉफ्टवेअर बसवणारा माणूस आपल्या हातातलं नाणं स्वतःहून पातळ करून घेणार. तो का बसवेल? जो बसवणार नाही त्याचं बिटकॉइन होतं तसंच राहील आणि तीन कोटीवाल्यांचं वेगळं नाणं होईल. तरीही ही चर्चा कधीच उठणार नाही असं मी म्हणणार नाही. पानामागचं बक्षीस दर चार वर्षांनी अर्धं होतं. ते नगण्य होईल तेव्हा फक्त शुल्कावर मायनर टिकतील का, हा खरा प्रश्न आहे. टिकले नाहीत तर 'थोडी नवी नाणी छापू या' हा ठराव सभ्य, समंजस माणसांकडूनच येईल. तेव्हा किती नोड सामान्य लोकांच्या घरी असतील, यावर सगळं अवलंबून राहील. आत्ता चालू असलेला वाद यापेक्षा सौम्य आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोअरच्या तिसाव्या आवृत्तीने व्यवहाराला चिकटवलेल्या मजकुराची ठरीव मर्यादा ८३ बाइटवरून एक लाखावर नेली, आणि न पटलेले हजारो लोक 'नॉट्स' या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले. यात पान नाकारण्याचा प्रश्न नाही, फक्त कुठला निरोप पुढे द्यायचा एवढाच आहे. पण लोक सॉफ्टवेअर बदलतात, हे त्यातून पुन्हा दिसलं.

सरकारचं काय? सरकार या पोटनियमातलं एक अक्षर बदलू शकत नाही, पण दाराशी कोण उभं राहील ते ठरवू शकतं. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने बँकांना आमच्यासारख्यांशी संबंध तोडायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला ते रद्द करेपर्यंत आम्ही कसेबसे तगलो. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर एक टक्का टीडीएस आहे. यातल्या कशानेही साखळीवरचा एकही नियम बदलला नाही. रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा डिजिटल रुपया १ डिसेंबर २०२२ ला मुंबईसह चार शहरांत सुरू झाला. त्याचे नियम बदलायचे तर तुमच्या कार्यालयापासून टॅक्सीने दहा मिनिटांवर, फोर्टात, कोण ठरवणार हे आपल्याला ठाऊक आहे.

आता तुमच्या बाजूचं. नातवाने तुम्हाला घेऊन दिलेली थोडी नाणी एक्स्चेंजवर आहेत, म्हणजे तुमच्या वतीने माझ्यासारखाच कुणीतरी ठरवतोय. ती स्वतःच्या वॉलेटमध्ये कशी घ्यायची ते मी समोर बसून दाखवेन, फोनवर हे काम करू नका आणि वॉलेट उघडणाऱ्या बारा किंवा चोवीस शब्दांची यादी कुणालाही, मलासुद्धा, वाचून दाखवू नका. नोडसाठी नवं काही विकत घ्यायला नको. पूर्ण वही आता सहाशे जीबीच्या पुढे गेली आहे, पण तपासून झालेली जुनी पानं टाकून देणारा छाटलेला नोड थोडक्या जागेत मावतो. तपासणी पूर्णच होते, साठा तेवढा कमी. तुमच्या कार्यालयात कपाटावर पडलेला तो जुना लॅपटॉप चालेल. येत्या शनिवारी चारच्या सुमारास येतो, तो उतरवून पुसून ठेवा. २००९ पासूनची सगळी पानं तपासायला त्याला आठवडा, कदाचित दोन लागतील. पंख्याचा आवाज होईल, शिपायाला सांगून ठेवा की रात्री जाताना ते बटण बंद करायचं नाही.